जर्मनीला निघतेय, फायलीत काय काय कोंबू? (अपडेट: लेटरबॉक्सचं प्रकरण शेवटी आहे)

फाईलवाली | ६ जानेवारी, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या. चाकणची नोकरी सोडून जर्मनीत नोकरी मिळालीय, श्टुटगार्टजवळ एक छोटं गाव आहे, ब्लू कार्डसाठीचा (म्हणजे शिकलेल्या परदेशी लोकांच्या नोकरीच्या परमिटसाठीचा) व्हिसा परवा पासपोर्टवर चिकटून आला आणि १ फेब्रुवारीपासून जॉइनिंग. म्हणजे हातात चोवीसेक दिवस. नवऱ्याचा नोटिस पिरियड ३ महिन्यांचा, तो मागाहून येणार. सध्या कोथरूडच्या घरात डायनिंग टेबलवर नुसती कागदपत्रं पसरलीयत, सासूबाई ताटं कोपऱ्यात लावतात आणि काही बोलत नाहीत, जे जास्त त्रासदायक आहे.

प्रश्न असा की नेमकं काय काय न्यायचं, ओरिजिनल की अटेस्टेड, भाषांतर इथूनच करून घेऊ की तिथे. पण खरा घोळ नावाचा आहे. नाव समजा सई अरविंद जोशी धरा (खरं नाही, पण साचा तोच). पासपोर्ट लग्नाआधीचा, त्यात गिव्हन नेम 'सई अरविंद' आणि सरनेम 'जोशी'. लग्न झाल्यावर कुठल्यातरी उत्साहात आधार बदलून घेतलं, त्यावर नवऱ्याचं नाव आणि नवऱ्याचं आडनाव. पॅन जुन्याच नावाने. बारावीच्या मार्कशीटवर बोर्डाने आडनाव आधी छापलंय, जोशी सई अरविंद. डिग्री २०१३ ची म्हणून तिच्यावर पुणे विद्यापीठ, आणि कंपनीच्या कागदांत लिहिलंय सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. आता तिथल्या माणसाला या सगळ्या बायका एकच आहेत हे पटवायचं कसं?

नेकारकाठचा | ७ जानेवारी, पहाटे २.१५

अभिनंदन! मी ९ वर्षं त्याच भागात आहे, मूळचा सदाशिव पेठ.

विद्यापीठाचं टेन्शन घेऊ नका. २०१४ मध्ये नाव बदललं हे इथल्या लोकांना माहीत असायचं कारण नाही, पण व्हिसाच्या वेळी आनाबिन डेटाबेसमधली (परदेशी विद्यापीठं आणि डिग्र्यांची इथली सरकारी यादी) प्रिंट लावली असेल ना, तीच फायलीत ठेवा. ओरिजिनल सगळे न्या आणि केबिन बॅगेत न्या, चेक-इनमध्ये टाकू नका. जन्मदाखला, लग्नाचं सर्टिफिकेट, डिग्री, जुन्या कंपन्यांची अनुभवाची पत्रं, लसीकरणाचं काय असेल ते.

आता मुख्य गोष्ट. इथे आल्यावर पहिला कागद म्हणजे आनमेल्डुंग, म्हणजे मी या पत्त्यावर राहायला आलोय अशी गावच्या ऑफिसात नोंद. राहायला गेल्यापासून २ आठवड्यांत करायची असा नियम आहे. मोठ्या शहरात त्या २ आठवड्यांत अपॉइंटमेंटच मिळत नाही ही गोष्ट वेगळी, ती बुक केल्याचा ईमेल जपून ठेवायचा म्हणजे झालं. त्यासाठी घरमालकाची सही असलेला एक फॉर्म लागतो, नाव ऐका, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. भाडेकरार दाखवून चालत नाही, तोच फॉर्म लागतो. म्हणून पहिले २-३ महिने जे फर्निश्ड घर घेणार असाल त्या मालकाला पैसे भरायच्या आधी एकच विचारायचं, की इथे आनमेल्डुंग होईल का. बरेच जण नाही म्हणतात. असं घर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. कारण टॅक्सचा नंबर त्याच्यावर, पगार टॅक्स नंबरवर, बऱ्याच बँका खातं उघडायला तोच कागद मागतात, ब्लू कार्डच्या ऑफिसालाही तोच लागतो. सगळी वीण एका टाक्यावर आहे.

आणि घर न बघता, चावी न घेता कोणी डिपॉझिट मागितलं की तो चोर. 'मी सध्या परदेशात आहे, चावी कुरियरने पाठवतो' अशी गोष्ट सांगतात. माझ्या टीममधल्या एका मुलाचे पैसे असेच गेले.

कर्वेरोडची_कोकिळा | ७ जानेवारी, सकाळी ८.०५

अवांतर: पोहे, गोडा मसाला आणि छोटा कुकर. बाकी सगळं मिळतं. कुकरची शिट्टी आणि रिंग वेगळी एक्स्ट्रा घेऊन जा.

बॉक्सफाईल | ७ जानेवारी, सकाळी ९.३०

नावाबद्दल माझं मत, पासपोर्ट आत्ताच नवऱ्याच्या आडनावाने करून घ्या, तत्काळमध्ये होईल, पुढे तिथे दोघांचं आडनाव वेगळं म्हणून प्रत्येक ठिकाणी उत्तरं द्यावी लागतील.

नेकारकाठचा | ७ जानेवारी, दुपारी १.५०

@बॉक्सफाईल, हे कृपया करू नका!! व्हिसा त्या पासपोर्टवर आहे, ऑफर लेटर त्या नावाने आहे, डिग्री त्या नावाने आहे. निघायला ३ आठवडे असताना पासपोर्ट बदलायचा म्हणजे जिन्यावरून उतरताना चप्पल बदलण्यासारखं आहे. आणि नवराबायकोचं आडनाव वेगळं असणं इथे अजिबात नवल नाही, इथे कायद्यानेच दोघं आपापलं आडनाव ठेवू शकतात. त्यांना आश्चर्य वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं, आपल्या मधल्या नावाचं.

कोरेगावपार्क_ते_क्रॉयत्सबेर्ग | ७ जानेवारी, दुपारी ३.२०

+१०००. मधलं नाव म्हणजे वडिलांचं नाव ही कल्पनाच इथे नाही. पासपोर्टात गिव्हन नेममध्ये जे आहे ते सगळं तुमचं स्वतःचं नाव, विषय संपला. म्हणजे तुम्ही 'सई अरविंद' नावाची बाई. माझं प्रिस्क्रिप्शन, लायब्ररीचं कार्ड, जिमचं कार्ड, सगळ्यावर माझ्या बाबांचं नाव आहे. एकदा दवाखान्यात वेटिंगमध्ये बसले होते आणि त्या बाई 'फ्राउ वसंत' 'फ्राउ वसंत' (फ्राउ म्हणजे श्रीमती) करून हाका मारत होत्या, मी आरामात मासिक चाळत बसले, माझ्या मागून आलेले तिघं आत जाऊन आले तेव्हा उजेड पडला की फ्राउ वसंत मीच.

एकच पाळा, प्रत्येक फॉर्मवर पासपोर्टातलं नाव जसंच्या तसं, अक्षर न अक्षर, त्याच क्रमाने. इथे 'सई जोशी' तिथे 'एस. ए. जोशी' असं करू नका, या लोकांच्या कॉम्प्युटरला ती दोन माणसं वाटतात.

फाईलवाली | ७ जानेवारी, रात्री १०.१०

बापरे, एका दिवसात एवढं! धन्स सगळ्यांना. पासपोर्टाला हात लावत नाही. नवऱ्याच्या व्हिसासाठी लग्नाचं सर्टिफिकेट लागेल, ते महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातून काढलेलं आहे, मराठी आणि इंग्रजी दोन्ही छापलेलं. त्याचं जर्मन भाषांतर कोणाकडून करू? रानडे इन्स्टिट्यूटमध्ये माझ्याबरोबर जर्मन शिकलेली एक मैत्रीण भाषांतरं करते, ती चालेल का?

आणि हो, आज लक्ष्मी रोडच्या स्टुडिओत जाऊन बायोमेट्रिक फोटोच्या ३२ कॉप्या काढून आणल्या, तिथे महाग असतात म्हणे.

नेकारकाठचा | ८ जानेवारी, पहाटे १.३०

३२!! त्यातले ३० सासूबाईंना आल्बमला द्या. १ मे २०२५ पासून इथे पासपोर्ट, आयडी आणि परदेशी लोकांचं रेसिडेन्स कार्ड यासाठी कागदी फोटो घेणं बंद झालंय, फोटो डिजिटलच लागतो, म्हणजे ऑफिसातल्या मशीनवर काढायचा किंवा मान्यता असलेल्या स्टुडिओतून, तो फोटो थेट त्यांच्या सिस्टिमला पाठवतो. ट्रामच्या पासला वगैरे लागतील दोन-चार.

भाषांतराचं, इथल्या ऑफिसांना साधारणपणे जर्मन कोर्टाने शपथ दिलेला भाषांतरकार हवा असतो, त्याचा गोल शिक्का असतो. पुण्यातून केलेलं भाषांतर व्हिसाला चालून गेलं आणि इथल्या टेबलवर नाकारलं असं झालेलं मी पाहिलंय, आणि उलट पुण्यातलंच कोणीही न बघता ठेवून घेतलं असंही पाहिलंय. ज्या ऑफिसात द्यायचंय त्यांना आधी ईमेल टाका. स्कॅन पाठवून इथल्या माणसाकडून करता येतं, पोस्टाने घरी येतं.

परत_पुण्यात | ८ जानेवारी, सकाळी ७.००

मी ६ वर्षं राहून २०२२ ला परत आलो, आता बाणेरला असतो. सगळे तिकडचं सांगतायत, मी इकडचं सांगतो कारण माझी जास्त वाट इकडच्या गोष्टींनी लावली.

१ नंबर, सिम कार्ड. मी निघताना प्रीपेड सिम खिशात घालून निघालो, रिचार्ज राहिला, काही महिन्यांनी नंबर बंद. आता बँकेचा ओटीपी त्या नंबरवर, आधारचा ओटीपी त्या नंबरवर, म्युच्युअल फंड, डीमॅट, इन्कम टॅक्स सगळं त्या नंबरवर. वडील ७१ वर्षांचे, ते माझं पत्र आणि आधारची झेरॉक्स घेऊन कंपनीच्या गॅलरीत तीन वेळा गेले, तिथला मुलगा गोड बोलून सांगायचा की काका ज्याच्या नावावर सिम आहे तो स्वतः यायला पाहिजे. शेवटी दिवाळीत मी आलो तेव्हा झालं. पाच महिने माझ्याच पैशांकडे मी नुसता बघत होतो. तेव्हा निघायच्या आधी रोमिंग सुरू करा, एअरपोर्टला जायच्या आधी, आणि रिचार्जची तारीख घरात कोणाच्या तरी कॅलेंडरवर लिहून ठेवा. कालनिर्णयवर. मोबाईलच्या रिमाइंडरवर विश्वास नाही माझा.

मग बँक. परदेशात राहायला गेल्यावर साधं सेव्हिंग खातं तसंच ठेवता येत नाही, फेमाचा (परकीय चलनाच्या कायद्याचा) नियम आहे, ते एनआरओ (परदेशी राहणाऱ्यांचं, इथल्या पैशांसाठीचं खातं) करून घ्यायचं. तिकडून पैसे पाठवून साठवायचे असतील तर एनआरई वेगळं. बँकेचे लोक स्वतःहून काही विचारत नाहीत म्हणून सगळे तसंच चालू ठेवतात, आणि घर घ्यायची वेळ आली की मग अडकतात. पीपीएफ असेल तर मुदत संपेपर्यंत चालू राहू शकतं, नवीन मात्र उघडता येत नाही.

आणि कुलमुखत्यारपत्र. फ्लॅट तुमच्या नावावर असेल, सोसायटीचं रिडेव्हलपमेंट वगैरे घाटत असेल, तर पुण्यात असतानाच दुय्यम निबंधकांकडे जाऊन करून टाका, एका सकाळीचं काम आहे. तिकडून करायचं म्हणजे भारतीय दूतावासाची अपॉइंटमेंट, मग कागद कुरियरने पुण्यात, आणि इथे पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर स्टॅम्प ड्यूटी भरायची. आम्ही ३ महिने उलटून गेल्यावर जागे झालो. पुढचं सांगत नाही.

तीन_बटाटे | ८ जानेवारी, सकाळी ९.१५

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). प्रतिसाद नाही हा, लेख आहे.

लाल_स्विफ्ट | ८ जानेवारी, दुपारी १२.४५

ड्रायव्हिंग लायसन्स विसरू नका. संगम पुलाजवळच्या आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढा. भारताच्या हिशोबाने ते वर्षभराचं असतं पण जर्मनीत तुमचं भारतीय लायसन्स राहायला आल्यापासून ६ महिनेच चालतं, परमिटवर काहीही छापलेलं असो. नंतर लेखी आणि प्रॅक्टिकल दोन्ही परीक्षा, आपल्याला फक्त क्लासच्या ठराविक तासांची सक्ती नाही एवढीच सूट. लेखी इंग्रजीत देता येते. मी पुण्यात १४ वर्षं गाडी चालवली, युनिव्हर्सिटी चौकातून रोज, आणि पहिल्या प्रॅक्टिकलला ११ मिनिटांत नापास. कारण? उजवीकडे वळताना मान वळवून खांद्यामागे बघितलं नाही. आरशात बघितलं होतं हो. परीक्षक म्हणाला आरसा वेगळा आणि मान वेगळी. दुसऱ्या वेळी एवढी मान फिरवली की घरी येऊन शेक घेतला, पण पास.

बॉक्सफाईल | ८ जानेवारी, दुपारी १.१०

जर्मन लोक दुपारी १ ते ४ झोपतात का पण?

नेकारकाठचा | ८ जानेवारी, दुपारी ४.०१

हा विनोद आता पेन्शनीत काढा राव. आणि ४ नंतरच उत्तर दिलंय याची नोंद घ्यावी.

फाईलवाली | २८ जानेवारी, रात्री ११.५५

परवा पहाटे मुंबईहून फ्लाइट. सिमचं रोमिंग केलं, रिचार्जच्या तारखा सासूबाईंनी स्वतः कालनिर्णयवर लाल पेनाने गोल करून ठेवल्या, एकादशीच्या शेजारी. एनआरओचा फॉर्म घेतलाय. टेबल रिकामं झालं म्हणून आज सगळे तिथे बसून जेवलो. टेबल एवढं मोठं आहे हे विसरलेच होते.

फाईलवाली | १२ फेब्रुवारी, रात्री १.२० (इथले ८.५०)

अपडेट! आनमेल्डुंग झाली!! छोटं गाव असल्याचा फायदा, तिसऱ्या दिवशी अपॉइंटमेंट. त्या बाईंनी पासपोर्ट बघितला, मालकाचा फॉर्म बघितला, लग्न झालंय का, कधी, कुठे, धर्म कुठला ते विचारलं (धर्म कशाला हे आधी कळलंच नाही, चर्चचा टॅक्स कापायचा असतो म्हणून), आणि १५ मिनिटांत सही-शिक्क्याचा कागद हातात. चहा नाही, उद्या या नाही.

एक गंमत मात्र माझ्या मूर्खपणाची. मालक आजोबांनी फॉर्मवर घर नंबर हाताने लिहिला होता. हे लोक एक आकडा लिहिताना आधी खालून वर एवढी लांब रेघ ओढतात की आपल्याला तो सरळ सात दिसतो, आणि त्यांच्या सातला मध्ये आडवी रेघ असते. मी ११ चा ७७ वाचला आणि हेल्थ इन्शुरन्सच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये ७७ टाकून मोकळी. आमच्या रस्त्यावर ७७ नंबरपर्यंत घरंच नाहीयेत, ४० ला द्राक्षाचे मळे सुरू होतात. फोन करून दुरुस्त केलं. माझ्या जर्मनमधला पहिला फोन, घाम फुटला, आधी वहीत वाक्यं लिहून घेतली होती.

कोरेगावपार्क_ते_क्रॉयत्सबेर्ग | १२ फेब्रुवारी, रात्री २.०५

वा! आता टॅक्स आयडी पोस्टाने येईल, ११ आकडी, २-३ आठवडे धरा. आणि महिन्याभरात एक पत्र येईल रेडिओ-टीव्हीचे पैसे भरा म्हणून. ते फेक वाटतं, फेक नाही. माझ्याकडे टीव्ही नाही वगैरे सांगून उपयोग नाही, घरटी महिना १८.३६ युरो, तिमाहीचे एकदम ५५.०८ घेतात. मी पहिली दोन पत्रं कचऱ्यात टाकली होती, मग दंड लागून आला.

फाईलवाली | २० मार्च, रात्री १२.३०

मंडळी मदत हवीये आणि जरा रडूही येतंय. फेब्रुवारीचा पगार झाला तेव्हा बघितलं तर कापून कापून जवळजवळ निम्मा. मला वाटलं इथे असंच असतं, टॅक्स जास्त असतो हे ऐकून होते, कोणाला विचारलं नाही. आज एचआरने सांगितलं की तुझा टॅक्स आयडी आम्हाला मिळाला नाही म्हणून तुला टॅक्स क्लास ६ लावलाय, सगळ्यात जास्त कापणारा. मी म्हटलं मलाच मिळाला नाही तर तुम्हाला कुठून देऊ. सहा आठवडे होत आले. नुसतं तेच नाही, इन्शुरन्सचं कार्ड आलं नाही, बँकेचं कार्ड आलं नाही (पिनचं पत्र पण नाही), रेडिओवाल्यांचं पत्र पण नाही. मला वाटत होतं जर्मन पोस्ट स्लो असेल. पत्ता १००% बरोबर आहे, ११ नंबर, पिनकोड सगळं तपासलं.

नेकारकाठचा | २० मार्च, रात्री १२.४१

थांबा थांबा. लेटरबॉक्सवर नाव आहे का तुमचं??

फाईलवाली | २० मार्च, रात्री १२.४४

नाही. मालकाने सांगितलं डावीकडून तिसरा बॉक्स तुझा, चावी दिली. त्यावर आधीच्या भाडेकरूचं नाव आहे. का?

नेकारकाठचा | २० मार्च, रात्री १२.५८

अरे देवा. चूक माझी, मी पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवं होतं, ९ वर्षांत एवढं अंगवळणी पडलंय की सांगायचं सुचलंच नाही. आपल्याकडे पत्त्यात फ्लॅट नंबर असतो, बी-७०४, पोस्टमन तिथे टाकतो, पाटी कोणाचीही असो, नाहीतर वॉचमनकडे देतो. इथे पत्त्यात फ्लॅट नंबर नसतोच बहुतेक ठिकाणी! फक्त बिल्डिंगचा नंबर आणि तुमचं आडनाव. पोस्टमन बॉक्सवरची आडनावं वाचतो, जोशी दिसलं तर टाकतो, नाही दिसलं तर 'या पत्त्यावर सदर व्यक्ती सापडत नाही' असं मारून परत पाठवतो. तुमची सगळी पत्रं येऊन दारातून परत गेलीयत.

आत्ता, म्हणजे झोपायच्या आधी, कागदावर नाव लिहून सेलोटेपने चिकटवा. बेलवर पण. पासपोर्टात आहे तसं पूर्ण लिहा, कारण कोण तुम्हाला जोशी म्हणून पाठवेल आणि कोण अरविंद जोशी म्हणून, सांगता येत नाही. बँकेला आणि इन्शुरन्सला फोन करून परत पाठवा म्हणा. टॅक्स आयडीसाठी पुन्हा ऑनलाइन मागता येतं पण तेही पोस्टानेच येणार, त्यापेक्षा पासपोर्ट आणि आनमेल्डुंगचा कागद घेऊन जवळच्या फिनान्झआम्टमध्ये (टॅक्स ऑफिसात) स्वतः जाऊन विचारा, बहुतेक ठिकाणी तिथल्या तिथे सांगतात. क्लास ६ ने जास्त कापलेले पैसे बुडत नाहीत, एचआरला नंबर दिलात की पुढच्या पगारात मागचं दुरुस्त होतं. नवरा येईपर्यंत तुम्हाला क्लास १, तो येऊन त्याची नोंद झाली की दोघांना ४-४, मग पाहिजे तर ३-५ (एकाचं कमी, दुसऱ्याचं जास्त कापणारं) करून घ्या.

परत_पुण्यात | २० मार्च, सकाळी ६.४५

हे वाचून माझं तिकडचं आठवलं... मी बॉक्सवर फक्त पहिलं नाव लिहिलं होतं, मोठ्या प्रेमाने, मराठी-इंग्रजी दोन्हीत. एकही पत्र आलं नाही. पोस्टमनला वाटलं असेल कोणी कलाकार राहतो.

फाईलवाली | २ एप्रिल, रात्री ११.१५

पट्टी लावली, वहीच्या कागदाची, सेलोटेपची. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या आजींनी बेल वाजवली, म्हणाल्या हे वाकडं आहे आणि पाऊस आला की शाई पसरेल. हाउसमाइस्टरचा (बिल्डिंगची देखभाल करणारा माणूस) नंबर दिला, त्याने छापील पट्टी करून दिली, पाच युरो. त्याच वेळी पुढचा विचार करून नवऱ्याचं आडनावही टाकून घेतलं खाली.

फिनान्झआम्टमध्ये समोरच्या माणसाने पासपोर्ट बघून एका चिठोऱ्यावर ११ आकडे लिहून दिले. मी त्याला विचारलं हा एक आहे की सात. हसला पहिल्यांदा. मार्चच्या पगारात दुरुस्ती बसली नाही, एप्रिलच्यात येणार म्हणतायत.

आणि काल बॉक्स उघडला तर ९ पत्रं एकदम! पेन्शनचा नंबर, इन्शुरन्सचं कार्ड (फोटोखाली सई अरविंद जोशी), बँकेचं कार्ड, पिन वेगळ्या पाकिटात, टॅक्स आयडी, आणि रेडिओवाल्यांची दोन, त्यातलं एक जरा रागावलेलं. जिन्यातच बसून सगळी फोडली. प्रत्येकावर फ्राउ जोशी, एकावर फक्त अरविंद जोशी, आणि त्याच्या आधी हेर, म्हणजे श्रीयुत.

कर्वेरोडची_कोकिळा | ३ एप्रिल, सकाळी ७.५०

हेर अरविंद जोशी 😂 बाबांना व्हिसा न काढता पोचवलंत.

मोशीकर | ३ एप्रिल, दुपारी २.२५

मी जूनमध्ये म्युनिकला चाललोय, धागा पूर्ण वाचला. एक बेसिक प्रश्न, घरांच्या जाहिरातीत भाडं दोन-दोन का लिहितात आणि किचन वेगळं विकत घ्या म्हणजे काय, भांडी का?

लाल_स्विफ्ट | ३ एप्रिल, दुपारी ४.३०

भांडी नाही हो, किचन! ओटा, सिंक, शेगडी, कपाटं, सगळं. आधीचा भाडेकरू उचकटून घेऊन जातो, भिंतीतून नळाची दोन तोंडं तेवढी बाहेर आलेली असतात. मी पहिले १७ दिवस बाथरूमच्या बेसिनमध्ये डाळ धुतली. जाहिरातीत आइनबाउक्युशे शब्द शोधा, तो असेल तर किचन आहे. भाडं एक थंड एक गरम, काल्ट म्हणजे नुसत्या घराचं, वार्म म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरून, आणि वीज बहुतेक वेळा त्यातही नसते. डिपॉझिट जास्तीत जास्त ३ महिन्यांचं थंड भाडं, आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा तुम्हाला कायद्याने हक्क आहे, मालक स्वतःहून सांगणार नाही.

नेकारकाठचा | ३ एप्रिल, संध्याकाळी ६.१०

आणि गरम भाड्यातल्या त्या बाकीच्या खर्चाचा वर्षाने हिशोब येतो. पाणी, कचरा बऱ्याच घरांत माणशी असतं, घरात किती डोकी यावर. आमच्या श्वाबेन भागात वर केरवोखं असते, म्हणजे जिना आणि अंगण झाडायची आठवड्याची पाळी, दाराच्या कडीला पाटी अडकवतात की या आठवड्यात तुमची. कोणी चुकवली की सगळी बिल्डिंग बोलत नाही, पण बघते.

फाईलवाली | १७ मे, रात्री ११.३०

शेवटचं अपडेट. नवरा आला ९ तारखेला. ब्लू कार्डवाल्यांच्या जोडीदाराला भाषेच्या परीक्षेची अट नाही, तरी तो रानडेत संध्याकाळचा क्लास करून आलाय, आकडे मात्र अजून उलटेच वाचतो (इथे पंचवीसला 'पाच आणि वीस' म्हणतात, मी त्याला म्हटलं आपणही तसंच म्हणतो रे, पंच-वीस, मग जरा बसलं डोक्यात). त्याची आनमेल्डुंग काल झाली, लग्नाच्या सर्टिफिकेटचं भाषांतर इथल्या शपथवाल्या बाईंकडून करून घेतलं होतं, कोणी काही विचारलं नाही. क्लास ६ चे पैसे एप्रिलच्या पगारात आले, सगळे.

आज सकाळी वरच्या आजी खाली आल्या, चष्मा लावून लेटरबॉक्सवरची पट्टी परत नीट वाचली आणि मला विचारलं, सई तू, हा तुझा नवरा, बरोबर, मग अरविंद कोण? दोन महिने होत आले नाव आहे, त्याला जिन्यात कधी बघितलं नाही. पाण्याचा हिशोब दोघांचाच लागतोय आणि केरवोखंच्या यादीतही त्याची पाळी नाही. मी माझ्या फुटक्या जर्मनमध्ये सांगितलं की ते माझे वडील, पुण्यात असतात, रिटायर्ड आहेत. आजींनी विचार केला. म्हणाल्या, पट्टीवर आहे ना पण.

संध्याकाळी बाबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, त्यांना सांग ऑगस्टमध्ये येतो, दोन आठवडे आहे, तेव्हा झाडतो जिना, झाडू तिकडचा चालेल की इकडून आणू.